चपलांपाशी उभा केलेला फलक

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना फलक असलो, अंगानं पुठ्ठा आणि दांडा झाडूचा असला, तरी चार वर्षांत एकही शनिवार चुकवला नव्हता. गेल्या सप्टेंबरात मात्र चुकला.

मला अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या शोभनाकाकूंनी बनवलं. त्या मूळच्या नागपूरच्या, मुलांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांच्या शेजारी नर्गिस ही अफगाण मुलगी राहायला आली. तिचे वडील काबूलच्या बाजारात बाँबनं गेले. बाँब कुणाचा, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. धाकटी बहीण हुमा तिकडेच मावशीकडे अडकली, आणि सहावीनंतर मुलींच्या शाळाच बंद झाल्या. काकूंनी माझ्यावर ठसठशीत इंग्रजीत लिहिलं, 'अफगाण मुलींना शाळा द्या. युद्ध नको.' आणि फोनवर हुमाला शब्द दिला, "तुझी शाळा उघडेपर्यंत मी दर शनिवारी उभी राहणार."

पहिल्या शनिवारी गावच्या रेल्वे स्टेशनसमोर चाळीस माणसं होती. काय तो माझा थाट! गाड्या हॉर्न वाजवून शाबासकी देत होत्या. मग थंडी पडली, बातम्या बदलल्या. माणसं बारा झाली, मग तीन, मग काकू एकट्या. एकदा एक जण काच खाली करून ओरडला, "लेडी, गो होम!" काकू पुटपुटल्या, "अरे बाबा, एवढ्या थंडीत काच तरी कशाला उघडतोस!" मला हसू आलं. कामावर जाताना नर्गिस आमचा फोटो काढून हुमाला पाठवायची. तिकडून लगेच उत्तर यायचं, 'पाहिला.'

आता त्या शनिवारचं सांगतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर वर्षभर काकूंच्या गराजमध्ये असतं. आदल्या दिवशी मंडळातला विक्रम ते न्यायला आला आणि त्यानं घाईत मलाही व्हॅनमध्ये टाकलं. उत्सवासाठी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलबाहेर त्यानं माझी पाठ रंगवली, 'चपला इथे काढाव्यात', आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. चार वर्षांत माझ्यापाशी इतकी माणसं थांबली नव्हती, आणि थांबली ती चपलांसाठी! मला फार एकटं वाटलं.

सकाळभर काकूंनी सगळं गराज पालथं घातलं. दुपारी हॉलवर आल्या आणि मी दिसलो. त्यांच्या फोनवर हुमाचा निरोप होता, 'आज फोटो नाही. तुम्हीही थांबलात का?'

विक्रम ओशाळला. "सॉरी काकू! मागची साइड ब्लँक होती, म्हणून यूज केली."

"असू दे. आधी फोटो काढ, काबूलला हुमाला पाठवायचाय."

काकू पैठणी सावरत चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला फिरवून धरलं. विक्रमनं मला तेव्हा पहिल्यांदा वाचलं. त्याची मुलगी सिया त्याच शाळेत सातवीत आहे.

"ही हुमा कितवीत आहे?" त्यानं विचारलं.

"सहावीनंतर ती कितवीतच नाही रे."

आतून आरतीसाठी हाका आल्या, तसा विक्रम आत गेला. फोटो काबूलला पोचला. पुढच्या शनिवारी स्टेशनसमोर पुन्हा आम्ही दोघंच होतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पुठ्ठा भिजला तर दुसरा मिळेल. पण काकूंना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, आणि दुसऱ्या काकू कुठून आणायच्या? तेव्हा शनिवारी दहा वाजता या, पाच मिनिटं का होईना. हुमा दर फोटोत माणसं मोजते.