नवव्या तासानंतर

मालवाहतुकीच्या त्या कचेरीत ताईचं काम सोपं नि नावडतं होतं. ड्रायव्हरचे नऊ तास भरले की त्याला गाडीवरून उतरवायचं. भिंतीवरच्या फळ्यावर बारा जणांचे तास ती स्वतः लिहायची. मालक ओरडो नाहीतर गिऱ्हाईक रडो, ती जागची हलायची नाही. ड्रायव्हर तिला पाठीमागे 'नववा तास' म्हणायचे. ते तिच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा तोराच होता.

मग रेल्वेचा पूल खचला. कोंबड्यांचं नि गुरांचं खाद्य घेऊन येणाऱ्या मालगाड्या पलीकडच्या काठाला अडकून पडल्या. आठवड्याभरात गोठ्यांतून नि पोल्ट्रीवाल्यांकडून असे काही फोन यायला लागले, की सरकारलाही जाग आली. फर्मान निघालं: शेतीचा माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना पंधरा दिवस तासांची मर्यादा नाही.

मालकाने तो कागद तिच्या टेबलावर अगदी हळुवार ठेवला. "आता तुझ्या फळ्याला जरा विश्रांती."

तिने फळ्याला विश्रांती दिली नाही. ती लिहीत राहिली. अकरा. साडेबारा. चौदा. पण लिहून करायचं काय, हे तिला कळेना. खुर्चीत बसवेना, चहा गार होई. फाटकाशी गाडीचा आवाज आला की ती उठून खिडकीशी जाई आणि कोण किती वाकून उतरतंय ते बघे.

सहाव्या दिवशी भर दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. शहरापासून चार तासांवर तिची पोल्ट्री होती. सहा हजार कोंबड्या.

"अक्का, दोन दिवस अर्ध्या खाद्यावर ठेवल्या होत्या. आज तेही संपलं. एकमेकींची पिसं उपटतायत, रक्त काढतायत. सतरा मेल्या सकाळपासून."

"आज गाडी निघेल."

"कालही हेच म्हणाली होतीस."

फोन ठेवून ताई अंगणात आली. गाडी भरून उभी होती. ड्रायव्हर मात्र एकच होता, तात्या. सगळ्यांत जुना, सगळ्यांत सरळ माणूस. पहाटे तीनला निघालेला आत्ताच परतला होता, आणि आदल्या दिवशी त्याचे तेरा तास झाले होते. एरवी ताईने बहिणीलाही एका शब्दात वाटेला लावलं असतं. पण इतकी वर्षं 'नाही' म्हणत होता तो कायदा, तिने नुसतं तोंड हलवलं होतं. आज कायदा 'हो' म्हणत होता, आणि तिच्या तोंडाला शब्द सापडत नव्हता.

नळाखाली डोकं धरून उभ्या तात्याला तिने विचारलं, "जमेल?"

"न जमायला काय झालं? चार तासांचा तर रस्ता," तात्या म्हणाला. तोंड पुसलं, आणि पुन्हा म्हणाला, "चार तासांचा तर रस्ता."

ताई आत गेली आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. "मी जाते यांच्याबरोबर."

"आणि फोन कोण उचलणार?" मालक म्हणाला.

"तुम्ही."

पहिला तास बरा गेला. तात्याने मुलीच्या नोकरीची हकिगत सांगितली. दुसऱ्या तासाला तीच हकिगत पहिल्यापासून सुरू केली, तेव्हा ताई सावरून बसली. तिने गावची, घरची, गुडघेदुखीची, होती नव्हती तेवढी सगळी चौकशी केली. बोलायला काही उरेना, तेव्हा ती पाढे विचारायला लागली.

"सतरा चोक?"

"अडुसष्ट. ताई, मी काय शाळेत आहे का?"

"एकोणीस सत्ते?"

"एकशे तेहेतीस." तात्या हसला. शाळेत पाढ्यांत त्याचा पहिला नंबर असायचा म्हणे.

तिसरा तास सरत आला होता. "तेवीस सक?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही. तिने वळून पाहिलं. तात्याचे डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, आणि गाडी शांतपणे डावीकडे सरकत चालली होती. पुढे रस्त्याच्या कडेने एक बाई सायकल हातात धरून चालली होती.

"तात्या!" ताईने त्याच्या खांद्याला असा काही हिसडा दिला, की तिचाच हात लचकला. ब्रेक किंचाळले. पुढचं चाक कडेच्या मऊ मातीत रुतलं आणि गाडी थांबली. सायकलवाली बाई वळली, दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि भराभरा पुढे गेली.

"मी जागाच होतो," तात्या म्हणाला.

"मग मी काय विचारलं?"

"विचारलंत?"

मग तो कपाळ स्टिअरिंगला टेकवून बसला. ताईने किल्ली काढून पिशवीत टाकली आणि बहिणीला फोन लावला.

"गाडी येत नाही. तुझ्यापासून तीस किलोमीटरवर थांबलोय. तात्यांना चालत्या गाडीत झोप लागली."

"जरा तोंडावर पाणी मार म्हणावं! तीसच तर राहिलेत. अक्का, कायद्याने परवानगी आहे, मी स्वतः बातम्यांत ऐकलंय."

"आहे. मी नाही म्हणतेय."

फोन कट झाला. तात्या केबिनमधल्या मागच्या फळीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. ताई रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिली. जाणारी प्रत्येक गाडी बघताना तिची नजर आधी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर जाई. पोत्यांचा वास येत होता. तीस किलोमीटर!

दीड तासाने ट्रॅक्टर आला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीत उभी धाकटी. तिच्या मनगटांवर चोचींच्या जखमा होत्या. तिने बहिणीकडे पाहिलं नाही.

"पहिल्या खेपेला किती जातील?" ताईने विचारलं.

"साठ."

शेजाऱ्यासकट तिघांनी पोती ओढली. साठावं पोतं चढल्यावर धाकटी केबिनच्या दाराशी गेली आणि आत डोकावली. तोंड उघडं टाकून झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"यांना उठवू नकोस," ती म्हणाली. ट्रॉलीत चढता चढता थांबली. "माझा राग गेलेला नाहीये."

"माहितीये."

खाद्य पोचेपर्यंत आणखी चौतीस कोंबड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताईने मालकाला सांगितलं, की अकरा तासांच्या वर ती कुणालाही गाडी देणार नाही, लांबच्या खेपेला वाटेत ड्रायव्हर बदलायचा, आणि त्यापायी खेपा कमी झाल्या तर होऊ देत.

"सरकारपेक्षा तू शहाणी?"

"मी गाडीत बसले होते."

मालकाने फर्मानाचा कागद बाजूला सारला. "आठवडाभर बघू," म्हणाला, "तेही तात्यासाठी." तात्याला त्याने दोन दिवस घरी पाठवलं होतं. जाताना तात्या ताईशी बोलला नव्हता. तिने मालकाला सगळं सांगितलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

दुपारी फोन वाजला. कुणी अनोळखी बाई होती, चाळीस म्हशी होत्या तिच्या. गाडी आज येणार ना, एवढंच तिला हवं होतं. ताईने फळ्याकडे पाहिलं. दोन ड्रायव्हर होते, दोघांचेही अकरा तास भरलेले.

"आज नाही. उद्या सकाळी," ती म्हणाली.

"अहो, पण नियम तर उठवलाय ना?"

"हो, उठवलाय," ताई म्हणाली, आणि ती बाई रडत होती तोवर फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.