चार पेशांचा नंदी

मी एक जुना लाकडी नंदी आहे.

मी एक जुना योद्धा आहे.

मी एक जुना मांत्रिक आहे. चोरही आहे. आणि, हे सांगताना मान खाली जाते, मी वैद्यही आहे.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने एकच कोणीतरी असावे. माझ्यात चार जण शिरले, म्हणून माझी सुरुवात अशी फुटली आहे. पुन्हा सुरू करतो.

दवनीवाड्याच्या उदाराम सुताराने चौकटीच्या कामातून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून मला कोरले. मी मुठीएवढा. रिंकी तेव्हा लहान होती. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, ती मला दोरीने ओढत घरोघर न्यायची. "वा, रिंकीचा बैल!" असे म्हणत लोक तिच्या हातावर खाऊ ठेवायचे. मग रिंकी मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. मी टीव्हीच्या मागे धूळ खात पडलो. कोणी मला फेकले नाही आणि विचारलेही नाही.

मग तिचा मोठा भाऊ लोकेंद्र गोंदियाहून एक खेळ शिकून आला. त्यात एकजण गोष्ट सांगतो, "तुमच्यासमोर राक्षसाची गुहा आहे, काय करता?" बाकीचे आपण काय करतो ते सांगतात. ते जमले की फसले, हे फासा ठरवतो. प्रत्येकाचा एक पेशा आणि पटावर एक सोंगटी. शेजारच्या किराणा दुकानातली भावंडे, ओमेश आणि टीना, दर रविवारी खेळायला येऊ लागली. गोष्ट लोकेंद्र सांगायचा. ओमेश रखवालदार झाला. टीना वैद्य झाली. टूथपेस्टचे गुलाबी झाकण ही तिची सोंगटी. रिंकीने मला टीव्हीमागून काढले, फडक्याने पुसले आणि पटावर ठेवले. "हा माझा योद्धा."

मी पुन्हा कामाचा झालो. त्या आनंदात काम कसले आहे, हे मी विचारलेच नाही.

इथे नियम सांगायला हवा.

लढाई जिंकली की एक पायरी वर चढता येते. आपल्याच पेशात चढा, नाहीतर नव्या पेशाची पहिली पायरी घ्या. लोकेंद्रच्या इंग्रजी पुस्तकात होते की नव्या पेशाच्या देणग्या सुरुवातीला थोड्याच द्याव्यात. लोकेंद्रला हे कंजूषपणाचे वाटले.

"आपल्या घरी पाहुणा आला तर अर्धं ताट वाढतात का?" तो म्हणाला. "नवा पेशा म्हणजे नवा पाहुणा. पहिल्याच दिवशी पूर्ण ताट!"

रिंकीच्या पोवार कुटुंबाच्या घरातून जेवल्याशिवाय कोणी जात नाही. तिथे हा नियम सगळ्यांना पटला यात नवल नाही.

रिंकीने मात्र त्यातली फट ओळखली. प्रत्येक लढाईनंतर तिने नवा पाहुणा बोलावला. मांत्रिकाच्या पहिल्या ताटात आगीचा गोळा होता. चोराच्या ताटात एका पाळीत दोन चाली. वैद्याच्या ताटात पडलेल्याला उठवणारा हात. योद्ध्याचा धागा माझ्या शिंगांना आधीच होता, त्यात दर वेळी एक नवा रंगीत धागा. टीना एकाच पेशात पायरी पायरी वर चढत होती, आणि मी चार जिन्यांच्या पहिल्या पायरीवर उभा राहून सगळ्यांहून उंच दिसत होतो.

"रिंकीचा बैल खतरनाक झाला यार," ओमेश म्हणायचा. "नांगर बी तोच, बंदूक बी तोच!"

मी फुगायचो.

त्या रविवारी...

(थोडे थांबतो. सागाला लाज वाटत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. वाटते.)

त्या रविवारी ओमेशचा रखवालदार गुहेच्या तोंडाशी कोसळला. टीना सावरून बसली. कित्येक रविवार तिला कामच उरले नव्हते, कारण कोणाला जखम होण्याआधीच मी सगळे जाळून टाकायचो. आज पहिल्यांदा कोणीतरी पडले होते. तिने फासा हातात घेतला.

पण आधी पाळी रिंकीची होती. चोराच्या दोन चाली. पहिल्या चालीत मांत्रिकाने राक्षस जाळला. दुसऱ्या चालीत वैद्याचा हात ओमेशच्या डोक्यावर. ओमेश उठला. संपले.

"माझी पाळी?" टीनाने विचारले.

"तुझ्यासाठी काई उरलंच नाई," रिंकी हसत म्हणाली. "मीच करून टाकलं."

"मग मी कायले यायचं इथं? तुमचा चहा ढवळायले?"

"अवं, नियमातच आहे ना!"

"नियम तुझ्या भावाचा, बैल तुझा, घर तुमचं. खेळा तुमीच."

टीनाने गुलाबी झाकण उचलले आणि ती गेली. नुकताच जिवंत झालेला ओमेश चपला घालून तिच्या मागे गेला.

मी पटाच्या मधोमध, चार धागे मिरवत उभा.

माझ्यातला योद्धा म्हणाला, आपण नियम मोडला नाही. मांत्रिक म्हणाला, राक्षस तर मेला. चोर म्हणाला, खाली बघ, म्हणजे कोणाची नजर भिडणार नाही. आणि वैद्य? तो पहिल्याच पायरीवर होता. शेजारी कोण दुखावले, हे ओळखायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

पुढच्या रविवारी दोघे आले नाहीत. लोकेंद्रने फर्मान काढले, "दोन पेशे बंद. प्रत्येकाले एकच."  रिंकीने मला ओढणीत गुंडाळले आणि ती भावासोबत शेजारच्या दुकानात गेली.

टीनाची आई शामकला तांदूळ तोलत होती. "काय पाहिजे?"

"टीना पाहिजे, काकू."

"ते काई किलोवर नाई भेटत," शामकला म्हणाली आणि तिने आत हाक मारली.

टीना आली. लोकेंद्रने आपले फर्मान सांगितले. त्याला वाटले, ती खूश होईल.

"हे कोणी सांगतलं तुले?" टीना उखडली. "मले उद्या तलवार घ्यावीशी वाटली तर? वैद्यानं काय जन्मभर पट्ट्याच बांधाव्या?"

लोकेंद्र गोंधळला. "मंग करू तरी काय? पाहुण्याले उपाशी ठेवू?"

तेव्हा रिंकी बोलली. तिची मान इतकी खाली होती की ती माझ्याशीच बोलते आहे असे मला वाटले. "भाऊ, आपल्या घरी पाहुणा जेवते, अन् धानाचा रोवणा लागला का आपल्यासंग चिखलात बी उतरते. माझे पाहुणे नुसते जेवले. एकानं बी रोप लावलं नाई."

मग तांदळाच्या पोत्यांवर बसून चौघांनी नियम नव्याने बांधला. नवा पेशा आला की आधी फक्त चहापाणी, म्हणजे एकच लहान देणगी. त्यात तीन पायऱ्या राबल्यावर पूर्ण ताट. एका पाळीत एकाच पेशाचे बळ. शेवटची अट टीनाची होती, जो त्या पेशात वर आहे त्याला आधी विचारायचे.

"हे तर लग्नातल्या आचाऱ्यावानी झालं," ओमेश म्हणाला. "त्याले विचारल्याबिगर कढईत झारा नाई घालायचा."

रिंकीने तिथेच माझ्या शिंगांवरचे मांत्रिकाचे आणि चोराचे धागे सोडले. वैद्याच्या धाग्यापाशी तिची बोटे थांबली. "हा ठेवू?"

"ठेव," टीना म्हणाली. "पण शीक."

मित्रांनो, आज पुन्हा रविवार आहे आणि चौघे पटाभोवती बसले आहेत. दुसऱ्याच लढाईत मी पडलो आहे. आडवा आहे, छपरीचे कौल तेवढे दिसते आहे. या अवस्थेत तुम्हाला एवढेच मागतो. आम्हा सोंगट्यांना जपा, आम्ही तुमच्या हातांनीच मोठ्या होतो. पण आम्हाला घेऊन जिंकत सुटाल, तेव्हा कडेला कोणीतरी फासा धरून बसले आहे का, तेही पाहा. नियम तुम्हाला ते सांगेलच असे नाही. मला त्याने सांगितले नव्हते.

"उठवू का गं तुझ्या बैलाले?" टीना विचारते आहे. ती मुद्दाम वेळ काढते आहे.

 रिंकीने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आहेत.