मोरपंखीवर चाललेली कात्री

रोपवाटिकेच्या फाटकाशी मोरपंखीची देखणी रांग होती, ती नव्या सुनेनं एका सकाळीत भादरून टाकली. तिच्या माहेरी जास्वंदीचं कुंपण. ते गुडघ्यापर्यंत छाटायचं आणि दोन महिन्यांत फुलांनी लगडलेलं बघायचं, यातच ती वाढलेली. तोच हात इथं चालवला. हिरवं सगळं खाली, उरले नुसते तपकिरी खुंट.

सासूबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. त्यांच्या शब्दाशिवाय इथं पान हलत नसे.

"फुटेल गं आई, दोन महिन्यांत," लेक म्हणाला.

"तुझ्या टकलावर फुटलं का काही? तू गप."

सासूबाईंच्या धाकट्या जावेनं संधी साधली. "मी म्हणतच होते जाऊबाई, हिच्या हातची कात्री काढून घ्या. कुंड्या धुवायला बसवा हिला."

सून रडली नाही. "आई, चुकलं माझं. पण काय चुकलं ते कळू दे. मग खुशाल काढून घ्या कात्री."

सासूबाईंनी तिला मनगटाला धरून जास्वंदीपाशी नेलं, खोडाची साल नखानं खरवडली. "बघ, आत हिरवी. हिच्या जुन्या लाकडालाही डोळे असतात. कुठंही काप, चवताळून फुटते. फूल सकाळी उमललं, संध्याकाळी कोमेजलं, हिला त्याचं सोयरसुतक नाही. आणि मोरपंखी? फूल नाही, नखरा नाही, नखाएवढी बोंडं धरते आणि बारा महिने हिरवी. पण जीव सगळा त्या हिरव्यात. तपकिरी लाकडात कात्री शिरली की कारभार आटोपला."

"मग तिथं जास्वंदच लावू," लेकानं तोडगा काढला. "हिला ती येतेच."

"येते म्हणूनच नको," सून म्हणाली. "खुंट मी उपटते. तिथं मोरपंखीच लावते. शिकायची ती राहिलीय."

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोरीत पाणी आहे! तोंडावर मात्र साखर सांडू दिली नाही.

"धाकटे, कुंड्या तूच धू, तुझा हात बसलाय," त्या जावेला म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "कात्री राहू दे तुझ्याकडे. कुदळ आण, मुळं खोल गेलीत. रोपं मी निवडणार. आणि मला विचारल्याशिवाय हिरव्याला हात लावलास, तर बोटं छाटीन."

सून कुदळ आणायला निघाली. धावत नाही, ताठ मानेनं चालत. सासूबाईंना तेही आवडलं. सांगायची गरज मात्र वाटली नाही.