अर्ध्या इंचाचा एल्बो

मी एक जुना एल्बो आहे. पाण्याच्या दोन नळ्यांना काटकोनात जोडणारा, कोपरासारखा वाकलेला, पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा. मित्रांनो, एवढ्याशा वस्तूला सांगण्याजोगे आयुष्य ते कसले, असे तुम्ही म्हणाल. मला ते मान्य नाही. दोन माणसांचे पिण्याचे पाणी माझ्या तोंडातून गेले आहे.

आधी माझी घडण समजून घ्या. माझ्या दोन्ही तोंडांत पोलादी दातांचे एकेक कडे आहे. नळी आत सरकवली की दात तिला धरतात, आणि ती जितकी ओढावी तितके अधिक रुततात. धरणे हा माझा धर्म. सोडणे माझ्या हाती नाही. माझे माप माझ्या अंगावर कोरलेले आहे : अर्धा इंच.

ऑस्ट्रेलियातल्या सेडूना गावातल्या दुकानात मी दोन वर्षे खोक्यात पडून होतो. एके सकाळी क्लेम पेंगेली आला. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेलेला, एकाहत्तर वर्षांचा गडी. बायको नोरीनला घेऊन त्याला कॅरव्हॅनने, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराने, नलारबॉरचे ओसाड पठार ओलांडायचे होते, आणि सिंकखालचा जुना एल्बो तडकला होता.

"अर्ध्या इंचाचा एल्बो दे, पोरी."

"काका, बारा मिलिमीटरचा, की खरंच अर्ध्या इंचाचा?" दुकानातल्या ब्रायनीने विचारले.

"एकच की गं ते! तुझ्या जन्माआधीपासून आम्ही बाराला अर्धाच म्हणतोय."

"म्हणता हो, पण ते एक नाही. नळीवर काय छापलंय?"

"नळी कॅरव्हॅनमध्ये आणि कॅरव्हॅन घरी. दे तो!"

क्लेम शाळेत इंच शिकला होता. पुढे देशाने मिलिमीटर स्वीकारले. क्लेमच्या जिभेने स्वीकारले नाहीत. फरक केवळ सात दशांश मिलिमीटरचा, जेमतेम नखाच्या जाडीचा. पण पाण्याला तेवढी वाट पुरते.

बारा मिलिमीटरच्या नळ्या त्याने माझ्या तोंडांत खुपसल्या. माझ्या दातांनी त्या धरल्या खऱ्या, परंतु पाणी अडवणारे आतले रबर त्यांना पुरते बिलगेना. नळ उघडून पाहिला, तेव्हा गळती दिसली नाही. क्लेम समाधानाने हसला आणि अकरा स्क्रू पिळून त्याने माझ्यावर प्लायवूडची फळी बसवली. माझा उजेड गेला.

मित्रांनो, त्या अंधारातले दोन दिवस मी विसरू शकत नाही. चूक माझ्या तोंडात होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. हलायला जागा नाही, नळी सोडायची मुभा नाही. गळणे एवढीच माझी वाचा. पण माझे थेंब नळीसाठी पाडलेल्या भोकातून खाली रस्त्यावर सांडत. आत कोणाला ओल दिसत नसे. दाब उतरला की पंप मात्र आपोआप सुरू होई.

"क्लेम, सगळे नळ बंद आहेत आणि पंप बोलतोय," नोरीन म्हणाली.

"मला नाही ऐकू येत."

"तुला ट्रकचा भोंगा तरी कुठे ऐकू येतो? कातरायच्या यंत्रांनी कान खाल्ले तुझे."

"पंपाला स्वप्न पडत असेल. पडू दे!"

मी फळीआडून सर्व ऐकत होतो. नोरीनला मूतखड्याचा त्रास होता. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचे, अशी डॉक्टरांची ताकीद. त्या वाटेवर पाणी सहजी मिळत नाही, म्हणून तर त्यांनी ऐंशी लिटरची टाकी काठोकाठ भरली होती.

तिसऱ्या दुपारी, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, पुढचा थांबा नव्वद किलोमीटरवर असताना, टाकीचा काटा तळाजवळ आलेला दिसला. नोरीनने पंप बंद केला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक करून अकराही स्क्रू काढले.

"वाच," ती म्हणाली. "नळीवर बारा. याच्यावर अर्धा."

क्लेमने वाचले. मग खाली बसून नळी जोराने ओढू लागला. मी आणखी घट्ट धरले. दुसरे काय करणार?

"ओढू नकोस रे. आधी कडं आत दाब, मग ओढ."

प्रवासात प्रथमच त्याने तिचे ऐकले. कडे दबले, माझे दात उघडले आणि नळी अलगद सुटली. नोरीनने तिचे तोंड बादलीत धरून पंप लावला. टाकीत उरलेले अकरा लिटर पाणी निघाले. पहिला पेला क्लेमने तिला दिला.

"घे. पंप बरोबर होता."

"पंप नाही. मी."

"तू," क्लेम म्हणाला.

आज मी कॅरव्हॅनच्या किल्ल्यांच्या कड्यात अडकलेलो आहे. येथूनही सुटका नाही, पण येथे उजेड आहे. क्लेम कोणाचे बोलणे तोडू लागला की नोरीन किल्ल्या खुळखुळवते, आणि तो गप्प होतो.

मित्रांनो, जोडण्यापूर्वी दोन्ही अंगांवरची मापे वाचा, एवढी माझी विनंती. आणि घरात कोणी म्हणाले की मला आवाज येतो आहे, तर आपल्याला येत नाही म्हणून तो नाही असे ठरवू नका. फळीआड कोणीतरी थेंबाथेंबाने बोलत असेल.