वांग्याच्या वाफ्यातला देव

सकाळी सात वाजता मैनाबाईच्या अंगणात शंभरेक माणसं वांग्याच्या रोपांना नमस्कार करत होती.

"नाइट शिफ्टपासून अर्धा इंच वर!" तिचा नवरा कवडू ओरडला. लगेच घंटा घणघणली.

कवडू भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रिटायर झाला, पण कारखाना काही त्याच्यातून गेला नव्हता. शेजारच्या शामरावला घेऊन त्याने देवाच्याही तीन शिफ्ट लावल्या. दर शिफ्टला फुटपट्टीने देव मोजायचा, वहीत उंची लिहायची, सही करायची आणि चार्ज द्यायचा. एवढी हजेरी कवडूचीही कुणी घेतली नसेल.

मैनाबाई भंडाऱ्याकडच्या शेतात वाढलेली. गुडघे वाकेनासे झाले तेव्हा तिने भिलाईच्या स्मृती नगरातल्या या अंगणात कमरेइतके उंच, विटांचे पाच वाफे बांधून घेतले. ऊन भरपूर होतं. उभ्याउभ्या वांगी, टमाटर, मेथी निघायची.

आठ दिवसांपूर्वी पाताळनाथ महाराज उगवले. "वांग्याखाली साक्षात शंकर दबले आहेत," म्हणाले. घरच्यांना आत पाठवून, वाफ्याभोवती पडदा लावून दोन तास एकट्यानेच 'भूमिशुद्धी' केली. मग भक्तांनी तांब्यांनी पाणी ओतलं आणि मातीतून काळा गोटा हळूहळू वर आला! आता सगळ्या अंगणावर मांडव होता, आणि उन्हावाचून टमाटरची रोपं पिवळी पडली होती. परवा पाचही वाफे फोडून मंदिराचा ओटा बांधायचा होता.

"मले खाली बसता येत नाही. वाफे फोडले तं मी कुठं पेरू?" मैनाबाईने कवडूला विचारलं.

"अवो, घरी देव आला अन् तू भाजी घेऊन बसली!"

ती तांब्या उचलून वांग्याला पाणी घालायला गेली. गोट्याला खेटून एक कोवळा शेंडा वर आला होता. सवयीने तिने तो खुडला आणि तोंडात टाकला. आंबट! ही तर चनाभाजी, हरभऱ्याचा कोवळा पाला. छत्तीसगडात राहून ही चव कोण विसरेल? पण वांग्यात हरभरा तिने पेरलाच नव्हता. उरलेलं रोप उपटलं, तर मुळाशी फुगलेला दाणा. उसळीचे हरभरे रात्री भिजवले की सकाळी पातेल्याबाहेर येतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुपारी सगळे महाप्रसादाला बसले, तेव्हा तिने टमाटरच्या वाफ्यात कोरड्या हरभऱ्याचा उघडा डबा पुरला. त्यावर आपला वरवंटा उभा केला, वर माती लोटली आणि भरपूर पाणी घातलं.

दुसऱ्या सकाळी शामराव किंचाळला, "कवडू, टमाटरमधी बी प्रॉडक्शन सुरू झालं!"

महाराज धावत आले. डोळे मिटून डोलले. "पार्वतीमाता! मैंने स्वप्न में देखा था! मातेला चांदीचा मुकुट हवा."

"तिले लसूण लागते महाराज," मैनाबाई म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, माह्या पाट्यावर वाटून राहिली." तिने वरवंटा उपसला आणि खालचा डबा सगळ्यांसमोर पालथा केला. टपोरे हरभरे घरंगळत महाराजांच्या पायापर्यंत गेले.

मग तिने कवडूच्या हाती खुरपं दिलं. "आता तुझा देव उकर."

"हात लावाल तर भस्म व्हाल!" महाराज गरजले.

कवडूने एकदा गोट्याला हात जोडले आणि उकरलं. गोट्याखालून निघाला तेलाचा जुना डबा, मोड आलेल्या हरभऱ्यांनी गच्च. "लीला... लीला..." करत महाराज मागे सरले ते फाटकातच जाऊन थांबले. तिथून त्यांना शामरावने पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही.

कवडू वही घेऊन पायरीवर बसला. "मोजून राहिलो होतो ना मी. म्हणून खरं वाटलं."

"मोजलं बरोबरच," मैनाबाई म्हणाली. "पण वरून मोजलं."

त्याने उठून मांडवाच्या दोऱ्या सोडल्या. टमाटरवर ऊन पडलं.

बाबांनो, दगड वर आला हे खरंच होतं. तो का आला, एवढंच शंभर माणसांत कुणी विचारलं नाही. हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण आधी त्याच हातांनी थोडी माती उकरून बघा.