अरबी समुद्र आपलाच

ऐका ना यार, मध्ये बोलू नका कुणी. मी आत्ता नोव्हायहून, राजाराम काकांकडे जेवून आलेय.

आपल्या प्रतिमाचा दादा, यशोधन, लक्षद्वीपच्या एका बेटावर टाक्यांमध्ये प्रवाळ वाढवतो ना? किनाऱ्यावर भाड्याची शेड, आठ टाक्या, चार वर्षांचं काम. शेडच्या मालकाने केस केली. तिथलं कोर्ट म्हणालं, तीस दिवसांत जागा रिकामी करा. शेड वाचवायची तर हायकोर्टातून स्टे आणायचा. दादा प्रतिमाला म्हणाला, इथे नेट धड नाही, तूच बघ वकील.

आणि प्रतिमा, पीएचडी करणारी शहाणी मुलगी, कुठे गेली? राजाराम काकांकडे! इकडे परदेशात शिकायला आल्यापासून आपलं अपार्टमेंटपासून व्हिसापर्यंत सगळं काकाच बघतात ना! काका डब्यातला आमरस वाढून घेत म्हणाले, "अगं, अरबी समुद्र म्हणजे आपलाच! गोवा मुंबई हायकोर्टाकडे, दमण मुंबईकडे, मग लक्षद्वीप कुठे जाणार? कागद दे, माझा मेहुणा वकील आहे तिथे."

मी टेबलाखाली फोनवर बघितलं. केरळ हायकोर्ट, एर्नाकुलम. स्वच्छ लिहिलेलं. आणि मी काय केलं? अजून एक पुरी घेतली. काकांना कोण टोकणार!

प्रतिमाने दादाला कळवलं, वकील मिळाला, काळजी करू नको. कुठला वकील, त्याने विचारलंही नाही.

मेहुणा फिरायला गेलेला. अठराव्या दिवशी त्याने कागद बघितले आणि लगेच मेसेज केला, "भावोजी, हे आपल्याकडे येत नाही. आजच एर्नाकुलमला वकील गाठा." आजच! आणि काका गप्प. मंडळाच्या नाटकाची तालीम होती म्हणे, आणि पोरीला सांगायचं कसं! नऊ दिवस, यार! सत्ताविसाव्या दिवशी सांगितलं.

प्रतिमाने तिथली एक वकीलबाई शोधली. बिचारीने जिवाचं रान केलं, बत्तिसाव्या दिवशी स्टे आणला. एकतिसाव्या दिवशी मालक कोर्टाचा माणूस घेऊन आला होता. दादाने व्हिडिओ पाठवला. वाळूवर सगळं प्रवाळ सुकत पडलंय.

आणि आज जेवताना काका सगळ्यांसमोर म्हणतात, "मिळाला की नाही शेवटी स्टे?" लोक माना डोलवतायत! प्रतिमा ताटात बघत बसलेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कशावर मिळाला, काका? रिकाम्या शेडवर?"

काकू म्हणाल्या, "अगं, मोठ्यांशी असं बोलतात का?"

"नाही बोलत, म्हणूनच गप्प बसले ना मी, काकू! मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, केस केरळला जाते ते!"

काका शांतपणे म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

तेव्हा प्रतिमाने मान वर केली. काकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

अर्धा तास एकाच गाडीतून परत आलो आम्ही. ती अजून खाली गाडीतच बसलीये, थंडीत. केया, तू जा ना प्लीज. माझ्यासाठी ती दार उघडत नाहीये.