कानाचं माप

इल्पोचे कान गेलेत हे आमच्या घरात बरीच वर्षं कुणाला कळलंच नाही, कारण लग्न झाल्यापासून तो माझं ऐकतच नव्हता. कळलं ते प्यूमुळे.

प्यू म्हणजे कबुतराहून जरा मोठी रानकोंबडी. तिच्यामागे धावून काही उपयोग नाही. सप्टेंबरात झाडाच्या बुंध्याला टेकून गप्प बसायचं, बोटाएवढ्या पत्र्याच्या शिट्टीतून तिच्यासारखी बारीक शीळ घालायची आणि ती जिकडून उत्तर देईल तिकडे बंदूक धरायची. ते उत्तर इल्पोला ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून मी त्याच्या शेजारी बसते. डावीकडून शीळ आली की त्याचा डावा गुडघा दाबायचा, उजवीकडून आली की उजवा. गेल्या वर्षी मात्र एकदाही गुडघा दाबायची वेळ आली नाही. कोल्ह्यांनी खाल्ल्या असतील, रान तोडलं म्हणून गेल्या असतील, असं म्हणत आम्ही हात हलवत घरी आलो.

या ऑगस्टात डॉक्टरांनी त्याला दम भरला, की उरलंय तेवढं तरी सांभाळा. तरी हा हलला नसता. पण सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीत, कुणीतरी सांगितलं की आता कानात घालायचं असं यंत्र मिळतं, ज्याने बंदुकीचा बार दबतो आणि बारीक आवाज मोठे होतात. झालं! दुसऱ्या दिवशी हा गाडीत बसून हॉर्न वाजवतोय. बाराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला प्यू परत हवी होती.

कायानी शहरात अशी यंत्रं विकणाऱ्या दुकानात वेन्ला नावाची मुलगी होती, आमच्या धाकटीच्या वयाची. तिने आधी डोक्यावरून घालायचे जाडजूड कर्णरक्षक काढले. इल्पोने ते चढवले आणि गालाला बंदूक लावल्यासारखी मान कलती केली.

"बंदुकीच्या दस्त्यावर आपटतंय. आणि टोपी कुठे घालू, गुडघ्यावर?"

"मग कानात बसणारे घ्या," वेन्ला म्हणाली. "तुमच्याच कानाचा साचा घेऊन बनवतात. बाहेर माइक असतो. कुजबुज मोठी ऐकू येते, बार झाला की आवाज तिथेच अडतो. रंग कोणता हवा?"

"शेवाळी."

"आणि शेवाळात पडलं तर शोधणार कसं? नारिंगी घ्या."

"नारिंगी? प्यू हसेल मला!"

"हसली तर ऐकू तरी येईल," मी म्हणाले.

वेन्लाने नमुन्याचं एक यंत्र त्याच्या कानात बसवलं. इल्पो दचकला.

"हे काय खरखरतंय?"

"माझी बाही."

"आणि हे सूं सूं?"

वेन्लाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"राइली, म्हातारे, तू एवढे सुस्कारे टाकतेस?"

"लग्न झाल्यापासून."

तो हसला. त्याचा चेहरा असा उजळलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं. त्याने खिशातून शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"वाजव. ऐकू आलं की हात वर करतो."

मी शिट्टी वाजवली. हात वर झाला नाही. खिशातला कचरा अडकला असेल म्हणून मी शिट्टी तळहातावर आपटली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास तिच्यात सोडला.

वेन्लाने दोन्ही कान दाबले. "अहो, पुरे, पुरे! केवढं कर्कश!"

मी शिट्टीकडे बघत राहिले. मला फक्त माझी फुंकर ऐकू आली होती.

त्याच्या बंदुकीशेजारी इतकी वर्षं मीही बसले होते, आणि माझ्याही कानांत कधी बोळा नव्हता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. म्हणजे गेल्या वर्षी पाखरं होती. आमच्या अवतीभवती शीळ घालत होती, आणि आम्ही दोघं कोल्ह्यांना शिव्या देत बसलो होतो.

"वाजवलीस?" इल्पोने वळून विचारलं.

"वाजवली."

वेन्लाने त्याला हळुवारपणे सांगितलं, की यंत्र आवाज वाढवतं, पण कानाच्या आत जे मेलंय ते काही जिवंत करत नाही. इल्पोने बुटांकडे पाहिलं. एखादी गोष्ट आटत चालली की आमच्याकडे म्हणतात, जगाचा अंत जवळ येतो तशी प्यू लहान लहान होत जाते.

"झाली लहान," तो म्हणाला. मग वेन्लाकडे वळून, "बार तरी अडेल ना? मग घ्या साचा. ऐकायला राइली आहे की."

वेन्लाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मी मान हलवली, बोलू नकोस म्हणून. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

"साच्याचा लगदा घट्ट होईपर्यंत जबडा हलता ठेवा," ती इल्पोला म्हणाली. "बोलत राहा. गप्प बसलात तर साचा चुकतो आणि नंतर तोंड हलवलं की फट पडते."

बोलत राहा! तेही आमच्या कायनू भागातल्या अबोल माणसाला! एरवी मी पोट धरून हसले असते. तिने त्याच्या दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरला आणि इल्पो खरंच बोलायला लागला. स्वतःचाच आवाज कळत नसल्यामुळे ओरडूनच.

"राइली, या वर्षी ओढ्यापलीकडे बसू! तिकडे झाडं तोडलेली नाहीत! कॉफी तू घे, सॉसेज मी घेतो! मी कधी बोललो नाही, पण तू नसतीस तर मी बंदूक केव्हाच विकली असती! तू शेजारी आहेस तोवर मला काय कमी आहे?"

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"इल्पो, मलाही येत नाही रे ऐकू."

त्याने माझे ओठ हललेले पाहिले आणि कानांकडे बोट दाखवलं.

"नंतर सांग!" तो ओरडला, आणि पुन्हा ओढ्याचं सांगायला लागला.